बायोर माझ्या पोटात नाही

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे, हाताने दांडा फिरवून हलती चित्रे टिपणारा. लाकडी पेटी, पितळेचे कोपरे आणि एकच डोळा. जन्म विलायतेतला, पण आयुष्य गेले ते आफ्रिकेत, गोल्ड कोस्टच्या, म्हणजे आजच्या घानाच्या, उत्तर भागात, दगारा लोकांच्या मुलखात.

लोकांच्या चालीरीती टिपून मायदेशी दाखवायला एक गोरा साहेब मला तिथे घेऊन आला. बेकुओने नावाचा तरणा गडी मला डोक्यावरून वाही. तोच साहेबाचा दुभाष्या, आणि पुढे पुढे दांडाही तोच फिरवू लागला. मडकी घडवणाऱ्या बायका, पेरणी, नाच, सारे मी पोटातल्या फिल्मवर साठवले. साहेब माझी तारीफ करी आणि मी फुगून जाई. गर्वाचे घर खाली, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते?

एके दिवशी झिएमचा मुलगा बायोर साप चावून वारला. झिएम गावचा वादक. भोपळे बांधलेल्या लाकडी पट्ट्यांवर त्याने ताल धरल्याशिवाय तिथे कुणाची मयत उठत नसे. त्या दिवशी मात्र वाजवणारा दुसराच होता. रीतीप्रमाणे बायोरला नवे कपडे घालून माचावर बसवले होते. बापाने दुःखाच्या भरात जिवाचे बरेवाईट करू नये, म्हणून झिएमच्या कमरेला दोर बांधून भावाने तो धरला होता. झिएम दोरासकट भावाला ओढत माझ्यापुढे आला.

"पोरा, याला ह्या पेटीत ठेव," तो बेकुओनेला म्हणाला. "उद्या मातीत गेला की मी त्याला कुठे बघू?"

साहेबाने सगळी फिल्म सकाळीच नाचावर संपवली होती. तो हळूच म्हणाला, "नुसता फिरव. म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटेल."

बेकुओनेने दांडा फिरवला. झिएमने मुलाची कललेली मान सरळ केली, गालावरची माशी हाकलली आणि तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मी बायोरचा चेहरा डोळा भरून पाहिला, पण ठेवायला माझ्याकडे काहीच नव्हते. मला ओरडून सांगावेसे वाटले.

पुढे साहेब मायदेशी गेला. माझे दाते झिजले होते, म्हणून मला बेकुओनेच्या घरी टाकून गेला. मग दर सुगीनंतर झिएम येई. माझ्या तिपाईशी ज्वारीची दारू थोडीशी ओती आणि बायोरशी बोलत बसे. यंदा भुईमूग बरा आला, तुझ्या बहिणीला मुलगी झाली. बेकुओने मान खाली घालून ऐके. अशी अकरा वर्षे गेली.

शेवटी बेकुओनेला राहवले नाही. "काका, ती पेटी रिकामी आहे. त्या दिवशीही रिकामीच होती."

झिएमने माझ्यावरून हात फिरवला. "ठाऊक आहे रे. एरवी आत काहीतरी सळसळायचं. त्या दिवशी नुसती टिकटिक होती. कानावर जगलेला माणूस मी, मला कळणार नाही होय?"

"मग येत का होता?"

"घरात आता कुणी त्याचं नाव घेत नाही. तू आणि ही पेटी त्या दिवशी त्याच्याकडे बघत होता. आणखी कुठे जाऊ?"

पुढच्या सुगीला झिएम आला नाही. त्याच्या मयतीत मुलाच्या जागी बेकुओनेने कमरेला दोर बांधून घेतला.

आता मला वाळवी लागली आहे. मित्रांनो, मला पुसून जपून ठेवा, असे मी म्हणत नाही. एवढेच मागतो, की कुणी आपले दुःख तुमच्यापुढे आणून ठेवले, तर नुसता दांडा फिरवू नका. फिल्म नसेल तर नाही म्हणून सांगा. आणि बायोर नावाचा एक मुलगा होता, हे तुम्ही लक्षात ठेवा. मला त्याला पोटात ठेवणे जमले नाही.