भरलेला डबा आणि रावसाहेबांची साक्ष

सुज्ञ वाचकहो, जगाच्या राजकारणाची झळ एका साध्या खाणावळीच्या चुलीपर्यंत कशी पोहोचते, आणि एका माणसाने दुसऱ्याला ‘मी ओळखतो’ असे म्हणण्यास किती बळ लागते, यासंबंधीचा एक वृत्तांत मी आपणांपुढे ठेवीत आहे. माझे शालेय शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढील जे काही आहे, ते ग्रंथालयाच्या वर्गणीतून आणि जेवणाऱ्यांच्या संभाषणातून प्राप्त झालेले आहे. तरी भाषा जेथे तोकडी पडेल तेथे आपण भावार्थ घ्यावा, ही विनंती.

आम्ही मूळचे भंडारा जिल्ह्यातले. मी कामाला होतो तो पिंपरीचा कारखाना बंद पडल्यावर मी आणि माझी पत्नी हिरा यांनी कर्वेनगरात मेस सुरू केली. त्या सुमारास देशाची दारे व्यापाराला उघडली होती. महाविद्यालये वाढत होती, संगणकाच्या कंपन्या येत होत्या, आणि गावोगावची मुले पुण्यात उतरून प्रथम खोली व त्यानंतर लगेच मेस शोधीत होती. आमचे घरमालक रावसाहेब हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. तळमजल्यावर आमची मेस, पहिल्या मजल्यावर ते स्वतः एकटे, आणि त्यांच्या वरच्या गच्चीतल्या खोलीत मेहरान नावाचा इराणी विद्यार्थी, अशी त्या इमारतीची रचना होती.

मेहरान शिराझ शहराचा. पुण्यात रसायनशास्त्र शिकत होता. प्रथम दिवशी त्याने आमची पाटवडी रस्सा खाल्ली आणि त्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या. “काकू, हे जेवण आहे की शिक्षा?” असे त्याने हिंदी-मराठीच्या मिश्रणातून विचारले. हिराने उत्तर दिले, “शिक्षा असती तर दुसऱ्यांदा वाढली असती का?” त्या दिवसापासून त्याच्यासाठी वरण वेगळे, बिनतिखटाचे निघू लागले. अमेरिका आणि त्याचा देश यांच्यातील बेबनावामुळे त्याच्या वडिलांनी पाठविलेले पैसे बँकेतून येऊ शकत नसत. मोठ्या राष्ट्रांनी एकमेकांशी अबोला धरला की लहान माणसांचे निरोपसुद्धा अडतात, हे मी वर्तमानपत्रात अनेकदा वाचले होते. प्रत्यक्षात पाहिले ते मेहरानच्या चेहऱ्यावर.

एकदा तो तापाने आजारी पडला असता हिराने त्याला मऊ भात वर पाठविला. बरा झाल्यावर त्याने डबा लख्ख घासून परत आणला. हिराने झाकण उघडून आत पाहिले.

“अरे बाळा, हा रिकामाच आणला?”

“काकू, सगळं खाल्लं ना!”

“ते दिसतंय. पण आपल्यात दुसऱ्याचा डबा रिकामा परत देत नाहीत. चिमूटभर साखर तरी टाकावी.”

मेहरानने हा नियम परीक्षेचा अभ्यास असावा तसा मनात साठविला. पुढे आमचा डबा वर गेला की परत येताना त्यात कधी पिस्ते, कधी खजूर, तर काहीच नसल्यास दोन चॉकलेटे असत.

दोन हजार दहा सालच्या फेब्रुवारीत कोरेगाव पार्कमधील एका बेकरीत बॉम्बस्फोट झाला. तेथे बसून खाणारी माणसे, आपली आणि दूरदेशाहून आलेलीही, प्राणास मुकली. खाण्याच्या जागेवर हा आघात झाला, याने माझ्या मनास विशेष पीडा झाली. आम्ही अन्न विकणारे लोक. कोणी आपल्याकडे भूक घेऊन येतो, म्हणजे अर्धा विश्वासच घेऊन येतो.

त्यानंतर शहराची नजर बदलली. मेसच्या दारात जेवणाऱ्यांच्या पाठीवरच्या पिशव्या पूर्वी एकावर एक पडलेल्या असत. आता प्रत्येकजण आपली पिशवी मांडीशी घेऊन बसू लागला. योगेश नावाचा आमचा एक मेंबर हिंजवडीच्या कंपनीत होता. तो सांगू लागला, की त्यांच्या परदेशी क्लायंटांचे पुण्याला येणे रद्द झाले, प्रोजेक्टही लांबणीवर पडला. एके दिवशी मेहरान जेवून वर गेल्यावर योगेशने हिराजवळ विषय काढला.

“काकू, राग मानू नका. पण त्याला डबाच वर पाठवत जा ना. इथे सगळ्यांबरोबर कशाला? आपल्याला पर्सनली काही प्रॉब्लेम नाही, पण बाकीचे मेंबर अनकम्फर्टेबल होतात.”

“काहून? तो काय चावतो?”

“तसं नाही हो. रिस्क कशाला?”

हिराने हातातली पळी खाली ठेवली. आमच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे, तिच्याकडे तिने पाहिलेसुद्धा नाही. ती म्हणाली, “माझ्या आजीला लग्नात वेगळं बसवत होते, उकिरड्याच्या बाजूला. जेवण तेच होतं म्हणे, पंगतीतलंच. ती मरेपर्यंत त्या जेवणाची चव सांगत नव्हती, जागा सांगायची. माझ्या मेसमध्ये कोणी वेगळं बसणार नाही. तुला वेगळं बसायचं असेल तर तुझा डबा भरून देते.”

योगेश तेथेच बसून जेवला. तो आमच्याकडेच राहिला, परंतु त्याच्या खोलीतले दुसरे दोघे पुन्हा आले नाहीत.

याहून मोठे संकट मेहरानवर वेगळेच होते. त्याच्या वास्तव्याची परवानगी मार्चअखेर संपत होती आणि अंतिम परीक्षा त्यानंतर होती. स्फोटानंतर पोलिसांनी कडक धोरण धरले होते. घरमालकाने स्वतः ठाण्यात येऊन ‘हा माझ्याकडे राहतो, मी याला ओळखतो’ असे सांगितल्याखेरीज पुढे काही होणार नव्हते. ते न झाल्यास परीक्षा न देताच त्याला परतावे लागले असते, आणि एकदा गेल्यावर पुन्हा व्हिसा मिळेल याची शाश्वती कोणी देईना. मी रावसाहेबांपाशी त्याची रदबदली करण्यास गेलो. ते पेपर वाचीत होते. त्यांनी पेपर खाली घेतला नाही.

“अहो गणवीर, मी त्याला खोली दिली आहे. मुलगी दिलेली नाही. ओळखतो म्हणून कसं सांगू?”

“दोन वर्षं झाली साहेब, तो इथे आहे.”

“समोरचं गुलमोहराचं झाडही आहे. त्याचीही जबाबदारी मी घेत नाही. मार्चअखेर खोली रिकामी करायला सांगा.”

मी स्वतःच त्यांचा भाडेकरू. यापुढे बोलण्याचे धैर्य मला झाले नाही. मेहरानला मी ‘बघू’ एवढेच म्हणालो. मराठीत ‘बघू’ म्हणजे काय, हे त्याला तोवर कळू लागले होते.

मार्चमधील एका सकाळी मी आणि हिरा भाजी घेऊन परतलो, तो आमच्या गल्लीत दोरी बांधलेली. पलीकडे पोलिसांची गाडी, लोकांचा जमाव, आणि सर्वांच्या पुढे दुधाची पिशवी हातात धरलेले रावसाहेब. मेसच्या बंद दारापाशी पायरीवर निळ्या कापडात बांधलेली एक उंच वस्तू होती.

“मी फिरून आलो तर हे इथे,” रावसाहेब मला म्हणाले. “रेडिओवर रोज सांगतात, बेवारस वस्तूला हात लावू नका. मी नियमाने फोन केला.”

हिराने कापडाच्या गाठीतून वर आलेली कडी निरखून पाहिली आणि ती ओरडली, “अहो, हा तर आपलाच डबा! मेहरानकडे गेला होता.”

दोरीपाशी उभे असलेले इन्स्पेक्टर वळले. “मावशी, तुमचा आहे? मग आत काय आहे?”

“ते मला काय माहीत?”

“रिकामा असेल?”

“छे! रिकामा कसा असेल? रिकामा आणायचा नाही असं मीच त्याला बजावलंय. आत काही ना काही असणारच.”

हे ऐकताच जमाव चार पावले मागे सरला. सत्य बोलून आपण त्या मुलाचे अहित केले, हे हिराला तत्क्षणी उमगले आणि तिने पदर तोंडाला लावला. मेहरान महाविद्यालयात प्रयोगाला गेला होता, त्याचा फोन लागेना. रसायनशास्त्राचा विद्यार्थी, इराणी, प्रयोगाला गेला आहे, एवढी माहिती माझ्याकडून घेताना इन्स्पेक्टरांची मुद्रा उत्तरोत्तर गंभीर होत गेली. प्रत्येक शब्द खरा होता, आणि प्रत्येक शब्दाने वजन वाढत होते.

बॉम्बशोधक पथकाचा कुत्रा आणला गेला. त्याने डब्याभोवती एक फेरी मारली आणि नंतर तो कापड चाटू लागला. त्याला हाताळणारा शिपाई ओशाळून म्हणाला, “साहेब, हा असं कधी करत नाही.” तरीही रीतीप्रमाणे सर्वांना दूर ठेवून, जाड पोशाख घातलेल्या माणसाने गाठ सोडली, झाकण काढले, आणि हात वर केला. आत पिवळीधमक, केशराने रंगलेली तांदळाची घट्ट खीर होती, आपल्या साखरभाताची दूरदेशीची बहीणच म्हणा. मात्र तिच्यावर दालचिनीच्या पुडीने, उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरे रेखली होती.

“हे काय लिहिलंय?” इन्स्पेक्टरांनी विचारले. जमावात पुन्हा कुजबुज झाली. उर्दू वाचता येणारे शेख नावाचे हवालदार पुढे झाले. ते डब्यावर वाकले, आणि सरळ होताना त्यांच्या मिशीत हसू आले.

“साहेब, नाव आहे. हिरा काकू.”

“एवढंच?”

“एवढंच. पुढे एक फूल काढलंय. फूलच असावं, जरा बिघडलंय.”

हिरा दोरीखालून वाकून गेली. तिला कोणी अडविले नाही. तिने पायरीवर बसून बोटाने खीर घेतली आणि सगळ्यांसमोर खाल्ली. आपल्या नावाच्या अक्षरांना मात्र तिने हात लावला नाही, कडेची घेतली. नंतर ती रावसाहेबांना म्हणाली, “घ्या. पोलिसांनी तपासलेली खीर पुण्यात दुसरीकडे मिळायची नाही.”

“मला मधुमेह आहे,” असे म्हणून रावसाहेब आपले दूध घेऊन वर गेले.

येथे कथा संपली असती तर किती बरे होते! परंतु दुपारी मेहरानला जबाबासाठी ठाण्यात बोलाविण्यात आले, आणि फोन करणारे म्हणून रावसाहेबांनाही. मी मेहरानच्या सोबतीला गेलो. तिघेही एका बाकावर बसलो. रावसाहेब एका टोकाला, मेहरान दुसऱ्या टोकाला, मध्ये मी.

मेहरानने सांगितले, की शिराझला त्याच्या आईची शस्त्रक्रिया नीट पार पडली. त्यांच्याकडे असा नवस फेडताना ही खीर करून शेजाऱ्यांना वाटतात. पहाटे निघताना दार बंद दिसले म्हणून पायरीवर ठेवली. इन्स्पेक्टर सज्जन होते. त्यांनी सर्व लिहून घेतले. मग त्याची कागदपत्रे चाळीत ते म्हणाले, “परवानगी संपत आलीये तुझी. या शहरात तुला ओळखणारं कोण आहे?”

मेहरान विचारात पडला. दोन वर्षे ज्या शहरात काढली, तेथील ओळखीची माणसे मोजताना त्याची मान हळूहळू खाली गेली.

“हिरा काकू. पोपट काका,” त्याने माझ्याकडे बोट केले. “आणि...” तो थांबला. “रावसाहेब.”

इन्स्पेक्टरांनी बाकाच्या टोकाकडे पाहिले. “काय हो? तुम्ही ओळखता याला? फोन तर तुम्हीच केला होता.”

रावसाहेबांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. ते मेहरानकडे पाहत नव्हते.

“फोन डब्यासाठी केला होता, माणसासाठी नाही,” ते म्हणाले. “गेली दोन वर्षं हा माझ्या छतावर राहतो. पहाटे किती वाजता उठतो, परीक्षा आली की किती येरझाऱ्या घालतो, घरून फोन आला की कोणत्या खिडकीशी उभा राहून बोलतो, हे सगळं मला खालून ऐकू येतं. गेल्या आठवड्यात तीन रात्री हा झोपला नाही. आईचं असं होतं तर, हे आत्ता कळलं. माझा सख्खा मुलगा न्यूजर्सीत असतो. तो रात्री झोपतो की नाही, मला माहीत नाही. साहेब, ओळखणं म्हणतात ते याहून जास्त असतं का? असेल तर मी कोणालाच ओळखत नाही. कुठे सही करायची ते दाखवा.”

इन्स्पेक्टरांनी कागद पुढे सरकविला. रावसाहेबांनी सही केली, त्याखाली आपला पत्ता सुवाच्य अक्षरांत लिहिला, आणि शिक्का नीट उमटला नाही म्हणून तो पुन्हा मारावयास लावला.

बाहेर येऊन आम्ही रिक्षा केली. मेहरान काहीतरी बोलू पाहत होता, परंतु त्याला शब्द सापडेनात, आणि रावसाहेब त्याला संधी देईनात. ते रस्त्याकडे पाहत बसले होते. पौड फाटा ओलांडल्यावर ते रस्त्याकडेच पाहत म्हणाले, “कसलं ऑपरेशन होतं?”

“गुडघ्याचं,” मेहरान म्हणाला.

“एकाचं की दोन्हींचं?”

“एक.”

“दुसराही करावा लागेल. माझ्या बहिणीचं तसंच झालं. जिना आहे का घरात?”

“आहे.”

“मग त्यांना खालच्या मजल्यावर झोपायला सांग. वडील ऐकतात का तुझं?”

“नाही.”

“कोणीच ऐकत नाही,” रावसाहेब म्हणाले, आणि रिक्षा थांबेपर्यंत त्या दोघांचे गुडघ्यांविषयीच बोलणे चालू राहिले. मी मध्ये बसून ऐकत होतो. ज्या ओळखीची ग्वाही कागदावर आधीच लिहून झाली होती, ती आता कोठे सुरू होत होती.

हा वृत्तांत आपण शेवटपर्यंत सहनशीलतेने वाचलात, याबद्दल मी आपला अंतःकरणापासून आभारी आहे. काही उणे-अधिक लिहिले गेले असल्यास क्षमा असावी.

आपला नम्र,
पोपट गणवीर, कर्वेनगर, पुणे