गुरूचं नाव

दर पौर्णिमेला सुलोचनामॅडम अष्टशीलाचं बौद्ध व्रत पाळतात. त्या दिवशी गाणं ऐकायचं नसतं. तरी ह्या पौर्णिमेला धम्मप्रिया नांदेडला गाणार म्हणून त्या व्रत मोडून लातूरहून आल्या. समाजानं उभारलेल्या लातूरच्या कॉलेजात त्यांनीच तिला पहिल्या 'सा'पासून घडवलं होतं. गाण्याआधी कानाला हात लावून गुरूचं नाव घ्यायचं, हेही त्यांनीच शिकवलेलं.

धम्मप्रियानं कानाला हात लावला आणि पुण्याच्या एका पंडितजींचं नाव घेतलं. त्यांच्याकडं ती जेमतेम एक उन्हाळा शिकली होती. मग ती गायली. तान न् तान मॅडमची होती.

कार्यक्रम संपल्यावर मॅडम मागच्या खोलीत गेल्या.

"रागावू नका मॅडम. तुमचं नाव घेतलं की लोक घराणं विचारतात. काय सांगू?"

"माझा बाप भीमगीतं गायचा, हे सांगायची लाज वाटली व्हय?"

"लाज न्हाई ओ. पण मग पुढचे कार्यक्रम मिळत न्हाईत."

धम्मप्रिया पाया पडायला वाकली, तेवढ्यात आयोजक आत आले. मॅडमनी पाय मागं घेतले.

"राहू दे बाई," त्या हळूच म्हणाल्या. "ह्या कोण म्हणून विचारतील."