मचाणावरचा निरोप

शालूबाईंनी लुगड्याचा ओचा वर खोचला, चपला बुंध्याशी जोडीनं ठेवल्या आणि शिडीवर पाऊल टाकलं. वरून पूजानं हात पुढं केला, तो त्यांनी धरला नाही. सिद्धनाथाचं नाव घेत, बांबू चाचपत त्या आपल्या आपण मचाणावर पोचल्या आणि सुनेकडं पाठ करून बसल्या.

दोघी टेकल्या तशी वनरक्षक बिराप्पानं शिडी काढून खांद्यावर घेतली. पलीकडच्या पाणवठ्यावरही माणसं चढवायची होती, आणि शिडी एकच होती.

"दिस कलला की आनतो," तो म्हणाला. "तवर बोलायचं न्हाई, खोकायचं न्हाई. आन बाकीचं काय आसंल त्ये..." बायकांपुढं बाकीच्या विधींचं बोलणं त्यानं गिळलं आणि तो झाडीत दिसेनासा झाला.

वैशाखात डोंगरावरचं पाणी आटलं की अभयारण्यातली जनावरं उरलेल्या डबक्यांवर येतात. त्यांची मोजणी करायला वनखातं आसपासच्या गावांतली माणसं मचाणांवर बसवतं. यंदा पहिल्यांदाच बायकांना बोलावलं होतं, जोडीजोडीनं, दिवसाच्या पाळीला. पूजाचं नाव सगळ्यांत आधी लागलं. गेली दोन वर्षं पायथ्याच्या निसर्ग केंद्रात शाळेच्या पोरांना पाखरं दाखवायचं काम ती करत होती. जोडीला मात्र कुणी मैत्रीण नव्हती. सुनेनं एकटीनं रानात दिवस काढायचा नाही म्हणून सासूच सोबतीला निघाली होती.

पूजाच्या मनात मोजणी नव्हतीच. उद्याचा दिवस होता. केंद्राच्या वनपाल क्षमा मॅडमनी तिचं नाव मेढा गावी होणाऱ्या प्रशिक्षणासाठी सुचवलं होतं. सहा महिने तिकडं राहायचं, मग वरच्या जंगलात वाटाड्याची कायमची जागा. होकार उद्यापर्यंत कळवायचा होता, आणि होकार देणं तिच्या हातात नव्हतं.

त्या घराची रीतच तशी होती. सून सासऱ्याशी बोलत नसे. हंबीरराव फौजेतून हवालदार होऊन आले होते, मळा आणि घर एकाच शिस्तीत चालवत होते, पण सुनेला काही सांगायचं झालं तर शेजारी बसलेल्या तिच्यादेखत बायकोला म्हणत, "तिला सांग." सीमेवर असलेला पूजाचा नवरा ऋषिराजसुद्धा फोनवर आईशीच बोले आणि म्हणे, आबांना इचार. घरातलं प्रत्येक बोलणं शालूबाईंच्या तोंडून जाई आणि त्यांच्याच तोंडून परत येई. पूजानं मेढ्याचं विचारलं तेही त्यांच्याच हाती. दोन दिवसांनी भाकरी थापता थापता, तव्यावरची नजर न काढता, त्यांनी उत्तर दिलं होतं.

"न्हाई म्हनालं त्ये. सुनंनं परमुलखात ऱ्हायचं न्हाई म्हनालं."

त्यानंतर पूजानं विषय काढला नव्हता. फक्त त्या दिवसापासून ती सासूला पाणी देताना तांब्या हातात न देता जमिनीवर ठेवू लागली होती.

ऊन चढलं. डबक्यातलं पाणी पितळेसारखं तापून चकाकायला लागलं. होले आले, भोरड्यांचा थवा आला, पाण्याला चोच लावून गेला. मचाण बाजेएवढं. कूस बदलायची म्हटलं तरी दुसरीच्या गुडघ्याला गुडघा लागे. खाली उतरायला वाट नाही, बोलायला मुभा नाही, आणि जिच्यापासून लांब जायचं तिचाच श्वास कानाशी. पूजाला वाटलं, हे काही आजचंच नाही. लग्न होऊन आल्यापासून आपण इथंच बसलोय.

मग बोरीच्या जाळीतून सांबराची मादी बाहेर आली. कान फिरवत, एकेक खूर जपून टाकत ती पाण्याशी आली, तिच्यामागं पाडस. शालूबाईंनी पूजाच्या दंडाला गच्च धरलं. वळून पाहिलं तर त्यांच्या तोंडावर पूजानं कधी न पाहिलेलं हसू होतं. पाडस पाण्यात पुढचे पाय घालून उभं राहिलं, आईनं त्याला ढुसणी दिली, आणि शालूबाई तोंडाला पदर लावून डोलायला लागल्या.

जनावरं गेली तरी दंडावरचा हात निघाला नाही.

"रोज आसंच बसायचं आसतंय व्हय, तिकडं?" त्या कुजबुजल्या.

पूजानं सांबरांची नोंद लिहायला घेतली. शालूबाईंनी मग पाय पसरले, मचाणाच्या कडेवरून खाली सोडले आणि लहान पोरीगत हलवायला सुरुवात केली. दुपार अशी, हाताला काम नसलेली, त्यांनी शेवटची कधी पाहिली होती कोण जाणे. थोड्या वेळानं नकळत त्यांच्या ओठांत ओवी आली, जात्यावरची, घोगऱ्या आवाजात:

भरल्या घरात बाई, बोलायाला न्हाई कुनी
धुराचं निमित्त गं, माझ्या डोळ्यामंदी पानी

पूजानं ओठांवर बोट ठेवलं. सासू लगेच गप्प झाली. इतकी लगेच, की पूजालाच कसनुसं झालं.

ऊन पिवळं पडलं तेव्हा जीप आली. बिराप्पा शिडी उतरवू लागला. पुढून क्षमा मॅडम उतरल्या आणि मागच्या बाजूनं डोक्यावरची टोपी सारखी करत हंबीरराव, घरच्यांना न्यायला वाटेत जीपवर चढलेले. मचाणाकडं न पाहता त्यांनी पाणी किती उरलंय ते काठीनं पाहिलं.

"आबा, बरं झालं आलात," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणालात, पण एकदा परत विचार करा ना. पूजासारखी मुलगी मिळायची नाही आम्हाला. उद्या नाव कळवायचं आहे मेढ्याला."

"कसलं नाव?"

मॅडमनी सगळं सांगितलं. हंबीरराव काठीवर हनुवटी टेकून ऐकत राहिले. मचाणावर पूजा पुढं झुकली. शेजारी हलणारे पाय थांबले होते.

"मला कुनी इचारलंच न्हाई बाई," हंबीरराव म्हणाले. "इचारलं आस्तं तर मी कशाला आडवू? पोरगं तिकडं बर्फात उभं हाय. सून जंगल राखती म्हनली तर आमच्याच घराची छाती फुगंल की."

पूजानं मान वळवली. शालूबाई समोरच्या डोंगराकडं पाहत होत्या.

"आत्ती," पूजा म्हणाली. "तुमी इचारलंच न्हाई?"



"तू गेल्यावर," शालूबाई म्हणाल्या, "त्या घरात मी कुनाचं ऐकू, आन कुनाला सांगू?"

एवढंच. मग खालून नेहमीच्या ठसक्यात हाक आली.

"अगं, तिला इचार, जायचं हाय का म्हून."

आठ-दहा हातांवर बसलेली सून. सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. तरी निरोप रीतीनं वर आला होता आणि रीतीनंच खाली जायचा होता. मॅडम वर पाहत होत्या. बिराप्पा शिडीला हात लावून उभा होता. शालूबाईंनी सुनेकडं पाहिलं. त्या विचारणार होत्या, पण ओठ नुसते हलले.

पूजाच्या जिभेवर पुष्कळ काही आलं. भाकरीच्या दिवसाचं आलं, दोन दिवस वाट पाहिल्याचं आलं.

"तुमीच सांगा आत्ती," ती म्हणाली. "तुमाला वाटंल त्ये."

एक होला पंख फडफडवत पाण्यावरून गेला. शालूबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि त्या खाली वाकल्या.

"व्हय म्हनती," त्या म्हणाल्या. "जाती म्हनती."

आवाज स्वच्छ होता, शेतातून बांधापलीकडं हाक द्यावी तसा. मॅडम हसल्या. पूजा उठली, बधिर झालेले पाय झटकले आणि शिडी उतरू लागली. तीनचार पायऱ्यांवर तिला जाणवलं, वर हालचाल नाही.

"चल गं, उतर की," हंबीरराव म्हणाले.

"तुमी व्हा म्होरं. मी बसते जरा."

हंबीररावांना कळेना. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. बिराप्पाकडं पाहिलं, तर तो जीपच्या टायरकडं पाहत होता. शेवटी त्यांची नजर शिडीच्या मध्यावर आली आणि मुलाच्या लग्नानंतर पहिल्यांदाच सुनेच्या तोंडाकडं पाहून ते बोलले.

"पूजा, सांग तिला. घरी चल म्हनावं."

पूजा दोन्ही हातांनी शिडी धरून उभी राहिली. वर सासू, खाली सासरा, आणि मध्ये ती. आता बोलणं तिच्याकडून जाणार होतं. तिनं वर पाहिलं नाही.

"तुमीच सांगा की, मामंजी," ती म्हणाली.

हंबीरराव तोंड वर करून उभे राहिले. घसा खाकरला. हुकूम देणं त्यांना येत होतं, निरोप देणं येत होतं. वर मचाणाच्या कडेला दोन पावलं लोंबत होती, भेगाळलेली, न हलता, कान दिल्यागत.