दोन टाळ्या

उज्वलाने पिल्लं घरात वाढवायची ठरवली तेव्हा सायखेड्यातल्या त्या घरात दोन पक्ष पडले. एकीकडे उज्वला, दुसरीकडे तिची सासू कुसाबाई. नवरा महेश बिचारा दोन्हीकडे मान डोलवायचा.

कुसाबाईंचा कारभार सोपा होता. खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवायची, पुढचं ती बघते. दरवर्षी निम्मी पिल्लं मांजर नाहीतर मुंगूस न्यायचं आणि कुसाबाई म्हणायच्या, "जायाचंच असतं गं. उरतील ती आपली."

ते 'जायाचंच असतं' ऐकलं की उज्वलाच्या मस्तकात तिडीक जायची. यंदा तिने एका दिवसाची बारा पिल्लं विकत आणली आणि मागच्या खोलीत, मोठ्या खोक्यात, तुसावर बल्बच्या उबेला ठेवली. एकही मरू द्यायचं नाही, हा तिचा हट्ट. त्यातलं एक पायाने अधू होतं, त्याला तिने चार दिवस कापसाच्या बोळ्याने पाणी पाजून जगवलं. दाणा टाकण्याआधी ती दोन टाळ्या वाजवायची, की बाराही धडपडत तिच्याकडे. आल्यागेल्याला ती हे कौतुकाने दाखवायची.

महिना झाला. अंगणातल्या कोंबडीमागे नवातली पाच उरली होती. उज्वलाची बाराच्या बारा. ती बोलत काही नव्हती, पण तोरा चालण्यातच दिसायचा.

रविवारी सकाळी तिने पिल्लं बाहेर काढली.

"आठ दिस डालग्याखाली झाकून ठेव," कुसाबाई म्हणाल्या. "त्यांना भायेरचं काय बी ठाव नाय."

"आत्या, तुमच्यांना सगळं ठाऊक होतं, तरी चार गेली की."

हे तिने बोलायला नको होतं. कुसाबाई खाली मान घालून भाजी निवडू लागल्या.

पिल्लं उन्हाला आधी बिचकली, मग कांदे साठवायच्या चाळीखाली शिरून माती उकरू लागली. पायरीवरून बघताना उज्वलाला अगदी भरून आलं.

तेवढ्यात कोंबडी घशातून लांब खरखरली. तिची पाचही पिल्लं क्षणात तिच्या पंखांखाली गेली. उज्वलाने वर पाहिलं. घार खाली उतरत होती.

तिची बारा चाळीखालीच होती. घारीला तिथे शिरता आलं नसतं. उज्वला नुसती उभी राहिली असती तरी चाललं असतं. पण जीव घाबरा झाल्यावर हात कुणाचं ऐकतात? पाखरं हाकलायला सगळा गाव जे करतो तेच तिने केलं. अंगणाच्या मध्यात धावली, "हाऽड! हाऽड!" ओरडली आणि जोरजोरात टाळ्या पिटल्या.

"अगं, टाळ्या नको!" कुसाबाई किंचाळल्या.

बाराही पिल्लं चाळीखालून निघाली. उघड्या अंगणातून, इवले पंख पसरून, तिच्याकडे. अधू पिल्लू सगळ्यात मागे होतं. घार त्याच्यावर आली आणि गेली. ते ओरडलंसुद्धा नाही.

उज्वलाचे हात तसेच वर राहिले. आपण काय केलं हे तिला कळत होतं आणि खरं वाटत नव्हतं. कुसाबाई जवळ आल्या. आता त्या म्हणतील, 'जायाचंच असतं.' आज पहिल्यांदाच उज्वलाला ते ऐकायचं होतं.

कुसाबाई काही बोलल्या नाहीत.

तिच्या पायाशी अकरा पिल्लं माना वर करून उभी होती. टाळ्या वाजल्या होत्या आणि दाणा अजून पडला नव्हता.