कडूबाचा परिचय

कार्यालयाच्या दारात एका मुलीनं कडूबाच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडलं, खिशाला लाल फूल लावलं आणि हातावर पेढा ठेवला. कडूबाला भरून आलं. दारुड्याचं एवढं स्वागत त्यानं फक्त गुत्त्यावर बघितलं होतं, आणि तिथंही पेढा नसायचा.

बाकी सगळं फोनवर दारू सोडायच्या मीटिंगवाल्या कमरोद्दीनभाईंनी सांगितलं तसंच होतं. "औरंगपुऱ्यात या. शाळेच्या बाजूला, वरचा मजला. चाय मिलेगी. हर एक उठतो, नाव सांगतो, आपलं सांगतो. कोणी हसत नाय."

कडूबा कूलर दुरुस्त करायचा. ऐन मे महिन्यात अख्खी गल्ली त्याची वाट बघायची आणि तो गिऱ्हाइकाच्या गच्चीवर कूलरला टेकून झोपलेला सापडायचा. होळीच्या सुमारास बायको, निशा, कन्नडला माहेरी निघून गेली. जाताना म्हणाली, "त्या मीटिंगला जाऊन आले की फोन करा. पिऊन केला तर आवाजावरून कळतंय मला." तेव्हापासून त्यानं फोन केला नव्हता.

तो मागच्या रांगेत बसला. स्टेजवर एकेक जण येत होता. सगळ्यांचे कपडे इस्त्रीचे. काही तर कोटात. बायाही होत्या, जरीच्या साड्या नेसलेल्या. शहर लई पुढं गेलं, कडूबाला वाटलं.

"मी सुयश. बी. ई. मेकॅनिकल. संपूर्ण निर्व्यसनी." टाळ्या पडल्या.

एवढ्या लहान वयात सुटलीबी? कडूबा चकित झाला.

"मी अमृता. एम. कॉम. अपेक्षा एकच, निर्व्यसनी असावा."

नवऱ्यासाठी आली असेल बिचारी. कडूबानं जोरात टाळ्या वाजवल्या, त्यामुळं सूत्रसंचालकाचं लक्ष त्याच्याकडं गेलं.

"या काका, तुम्ही या!"

कडूबा माइकसमोर उभा राहिला. पाय लटपटत होते, पण न पिता. हा अनुभव नवीन होता.

"मी कडूबा. दारू पितो. लई पितो. बायको माहेरी गेली."

सूत्रसंचालकाला पुढचा प्रश्न पाठ होता. त्यानं तो विचारला.

"आणि… अपेक्षा?"

कडूबानं विचार केला. "आज प्यायची नाय. उद्याचं उद्या बघू."

पुढच्या रांगेतली आजी शेजारणीला म्हणाली, "बोलतंय खरं. पण बाई, लग्न झालंय की मेल्याचं!"

"दारू सोडायची मीटिंग नाय का ही?" कडूबानं माइकमध्येच विचारलं.

मग हॉल जो हसला! बॅनर आल्यापासून त्याच्या डोळ्यांसमोर होता, पण त्यावर मान्यवरांचे इतके फोटो होते, की त्यांच्या खाली अंग चोरून 'वधू-वर परिचय मेळावा' एवढंच मावलं होतं.

कडूबा जिना उतरून रस्त्यावर आला. समोर बार होता. तिकडं जायला रिक्षावाले वाट देईनात, म्हणून तो उभा होता.

"ओ पाव्हणं! थांबा की!"

टोपीतला एक वयस्कर माणूस धापा टाकत आला. मघाच्या सुयशचे वडील, पुंडलिकराव. लासूर स्टेशनला आडत दुकान. तोंडात वेलदोडा होता आणि वेलदोड्यालाही न जुमानणारा वास.

"तुम्ही म्हणले ती मीटिंग खरंच असती का?"

"असती म्हणत्यात. मला घावली नाय."

"पोरगं निर्व्यसनी हाये, ते खरं बोललं. मला म्हणलं, बाबा, मागं बसा, तोंड उघडू नका. आधीची स्थळं माझ्या वासानं गेली." त्यांनी कडूबाचा दंड धरला. "मला घेऊन चला."

"काका, मी तिकडं चाललोय." कडूबानं बार दाखवला.

"तिथली वाट मला ठाऊक आहे. दुसरी सांगा."

कडूबाची पंचाईत झाली. वडीलधारा माणूस विश्वासानं दंड धरून उभा. त्याला मीटिंगला पोचवल्याशिवाय स्वतः प्यायला जाणं बरं दिसेना. त्यानं कमरोद्दीनभाईंना फोन लावला.

"अरे मियां, शाळेच्या डाव्या बाजूला! उजव्या बाजूला शादीवाले बसतात."

"आत्ता कळलं."

"पिछले साल एक तिकडंच गेला. उसका रिश्ता जम गया. थांबा, मी खाली येतो."

डाव्या बाजूला वर एक खोली होती, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, चहा. गुलाबपाणी नव्हतं. पुंडलिकराव टोपी मांडीवर ठेवून बोलायला लागले, तोच त्यांचा फोन वाजला.

"बाबा, कुठंयत तुम्ही? अमृताच्या घरचे भेटायचं म्हणतायत."

"चहा पाज त्यांना. माझी पाळी चाललीय."

नंतर कडूबा उठला आणि मघाचंच सगळं पुन्हा बोलला. या वेळी कुणी हसलं नाही. एकानं त्याचा कप भरला.

बाहेर आल्यावर जिन्यात उभं राहून त्यानं कन्नडला फोन लावला.

"बोला," निशा म्हणाली.

एवढ्या हॉलपुढं जे घडाघडा सांगितलं होतं, त्यातला एक शब्द आता सापडेना. तिकडं कुकरची शिट्टी झाली. आईनं निशाला हाक मारली.

"तूच बंद कर गं आई," निशा म्हणाली. "मी बोलायलेय."

कडूबानं अजून हॅलोसुद्धा म्हटलं नव्हतं.