अबिगाइलची कबुली

"देवदूतांना कसली आलीय कम्युनियन, येसेनिया?" असं म्हणत धर्मशिक्षणाच्या बाई दोन्या ओफेलिया यांनी अबिगाइलच्या डोक्यावर थोपटलं. त्यांचं थोपटणं म्हणजे कणकेचा गोळा दाबून बघावा तसं.

अबिगाइल अकरा वर्षांची. जन्मतःच डाउन सिंड्रोम, जीभ जराशी जड, शब्द सावकाश यायचे. पण एकदा आला की शब्द मागे घ्यायची नाही. दोन वर्षं दर शनिवारी ती धर्मशिक्षणाच्या वर्गाला न चुकता आली होती. वर्गात मुलं एकोणीस. उद्या रविवारी पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद, म्हणजे कम्युनियन, घेणाऱ्यांची यादी चर्चच्या दाराला लागली, तिच्यात नावं अठरा.

"अगं, ती निष्पाप आहे. सरळ स्वर्गात जाणार. ती पुढे चालेल, पंख लावून, फुलं उधळत. किती गोड दिसेल!"

गोड! गेली सहा वर्षं कुएंका शहरातल्या नाताळच्या मिरवणुकीत अबिगाइल देवदूतच होती. बाकीची पोरं एका वर्षी मेंढपाळ, दुसऱ्या वर्षी राजा. हिला मात्र तेच पुठ्ठ्याचे पंख, जन्मठेप झाल्यासारखे. बायका तिला जवळ घेऊन फोटो काढायच्या, डोळे पुसायच्या, आणि आपल्या पोरांच्या वाढदिवसाला तिला बोलवायचं तेवढं नेमकं विसरायच्या.

येसेनियाने लेकीचा हात धरला आणि तडक फादर एवारिस्तोंना गाठलं. ते प्रसादाआधीच्या, मुलांच्या पापांच्या कबुल्या ऐकून नुकतेच बाहेर आले होते; अठरा पोरं, दोन-दोन मिनिटं, सगळ्यांचं पाप एकच, आईचं ऐकलं नाही.

"फादर, हिचीही कबुली घ्या."

फादर प्रेमळ हसले. "हिच्याजवळ काय असणार सांगण्यासारखं? हे लेकरू पाप करूच शकत नाही."

"कोण म्हणतं?" येसेनियाचा आवाज चढला. लेकीच्या बाजूने ती आजवर डॉक्टरांशी भांडली होती, शाळेशी भांडली होती. लेक पापी आहे म्हणून भांडायची वेळ पहिलीच. "परवा हिने विकायला उकडलेला अर्धा टोप मका फस्त केला आणि कुत्र्याचं नाव सांगितलं. कुत्रं आमचं मेलंय, फादर, तीन महिने झाले! भावाला चावते. मला मावशीसमोर म्हातारी म्हणाली. आणि हे सगळं कळून-सवरून."

"मुद्दाम," अबिगाइलने दुजोरा दिला.

दोन्या ओफेलिया मागोमाग आल्याच होत्या. "फादर, घ्या बापडीची. आईच्या समाधानासाठी."

अबिगाइल फादरांबरोबर कबुलीच्या खोलीत गेली. दोन मिनिटं झाली, पाच झाली, दहा झाली. येसेनिया बाकावर बसून ओढणीचं टोक पिळत होती. पोर जाळीतून नुसती हसत बसली असेल तर? गप्प राहिली तर? मग संपलंच, मग जन्मभर पंख.

पंधराव्या मिनिटाला फादर बाहेर आले. कान लाल.

"हिला पापक्षमा देता येत नाही."

"का?" येसेनिया उभी राहिली. "कळत नाही तिला?"

"कळतं. नको तितकं कळतं." फादरांनी कपाळ पुसलं. "पण पश्चात्ताप नाही. यापुढे मला एक अक्षर बोलता यायचं नाही."

कबुलीतलं बाहेर बोलायची बंदी फादरला असते. पापी माणसाला नसते. अबिगाइल दारातच उभी राहून मोठ्याने म्हणाली, "भावाला चावले, त्याचं वाईट वाटतं. मक्याचं थोडं वाटतं. कॉफीत थुंकले, त्याचं नाही वाटत."

"कुणाच्या कॉफीत?" दोन्या ओफेलियांनी कौतुकाने विचारलं.

"तुमच्या. दर शनिवारी."

दोन्या ओफेलियांचा हात आपोआप पिशवीतल्या कॉफीच्या थर्मासवर गेला. दोन वर्षांचे शनिवार त्यांच्या घशातून एकदम वर आले असावेत.

"सैतान आहे पोरगी! पापी! धडधडीत पापी!"

"ऐकलंत ना, फादर?" येसेनिया म्हणाली. हसू दाबून दाबून तिचं पोट दुखायला लागलं होतं आणि डोळे मात्र भरले होते. "दाखला मिळाला."

तोवर दोन्या ओफेलियांनी अबिगाइलचा कान पकडला होता. इतकी वर्षं नुसतं डोकं थोपटणारा हात. आज पहिल्यांदा तो इतर पोरांच्या कानावर यायचा तसा तिच्याही कानावर आला. "का गं? काय वाकडं केलं होतं मी तुझं?"

"तुम्ही मला प्रश्नच विचारत नाही." अबिगाइलने शब्द एकेक करून बाहेर काढले. "सगळ्यांना विचारता. मी हात वर करते. तुम्ही गोड गोळी देता."

दोन्या ओफेलियांची पकड सैल झाली, पण कान त्यांनी सोडला नाही.

"मग आता विचारते. प्रसादात काय असतं?"

"येशू. आणि तो थुंकणाऱ्यांना मिळत नाही," अबिगाइल म्हणाली आणि पहिल्यांदाच तिचा ओठ थरथरला. "मला पाहिजे तो."

"मग जा आत! वाईट वाटतं म्हणून सांग फादरना."

"आता थोडं वाटतं. तुम्ही पण या. तुमचं पण पाप आहे."

फादर खाली बघत मुकाट्याने आत जाऊन बसले. अबिगाइल दोन मिनिटांत बाहेर आली. प्रायश्चित्ताला तीन प्रणाम-मरिया प्रार्थना, तिने बोटांवर मोजून दाखवलं. मग दोन्या ओफेलिया गेल्या. त्यांना बराच वेळ लागला. बाहेर येऊन त्या बाकाशी गुडघे टेकून बसल्या आणि पुटपुटत राहिल्या.

"तुम्हाला किती?" अबिगाइलने शेजारी वाकून विचारलं.

"गप्प बस."

"माझ्या तीनच होत्या."

दोन्या ओफेलिया उठल्या, दारापाशी गेल्या आणि यादीत खाली पेनाने नाव लिहिलं. टोक कागदातून आरपार गेलं.

"उद्या आठला. केस नीट विंचरून. एक मिनिट उशीर केलास ना, तर बघ!"

"बघते," अबिगाइल म्हणाली.