मास्टर कमी कर

“मधेच आवाज पडतो. गाण्याच्या ऐन भरात पडतो,” बाळ म्हणाला आणि त्याने गिटारचा अ‍ॅम्प टेबलावर असा आदळला की डबीतले स्क्रू उडून फरशीभर पसरले. “काल कार्यक्रमात नाक कापलं गेलं माझं. लोक हसत होते, ताई. हसत!”

ताई खाली वाकून स्क्रू गोळा करू लागली. चेहरा सरळ करायला तिला तेवढाच वेळ मिळाला. कारण बाळची बायको त्या क्षणी तिथून सहा पावलांवर, प्लायवूडच्या पार्टिशनमागे, जुन्या स्पीकरच्या खोक्यांमध्ये बसलेली होती. सकाळी ती एका पायात चप्पल घालून चालत आली होती. ओठ फाटलेला होता आणि बरगडीला काहीतरी झालं होतं. श्वास घेतला की खोकला येई, खोकला आला की ती पोट धरून दुमडत असे.

बाळ हे त्याचं घरातलं नाव. वय अडतीस, अंगाने दरवाजाएवढा, पण आईसाठी तो बाळ आणि म्हणून सगळ्यांसाठीच बाळ. गिटार मात्र तो अशी वाजवायचा की समोरच्याचा राग विरघळून जावा. सगळ्या घराची खरी पंचाईत तीच होती. दुकान बापाचं, रेडिओ दुरुस्तीचं. ते ताईला मिळालं, कारण “याच्या हातात दिलं तर भिंतीसुद्धा उरणार नाहीत,” असं बापच मरताना म्हणाला होता. लहानपणी बाळने मुद्दाम दार आपटून ताईचं बोट मोडलं. “खेळताना सापडलं,” असं आईने डॉक्टरांना सांगितलं आणि ताईने मान डोलावली. तेव्हापासून ती डोलावतच आली होती. भावजय याआधी दोनदा अशीच आली होती. दोन्ही वेळा ताईने तिला चहा पाजला, चार समजुतीच्या गोष्टी सांगितल्या आणि स्वतः घरी नेऊन सोडलं.

आज सकाळी भावजय म्हणाली होती, “ताई, या वेळी परत पाठवलंत तर माझं तोंड पुन्हा बघायला मिळणार नाही तुम्हाला.” ती रडत नव्हती. ताईला भीती वाटली ती त्याचीच. बाळ रस्त्यांवर शोधत फिरत असेल म्हणून भावजय बाहेर पडायला तयार नव्हती. तो कार्यक्रमाला गेला की लगेच दवाखान्यात जायचं, असं दोघींचं ठरलं होतं.

आणि तोच दुकानात उभा होता.

“घरी कशी आहे ती?” ताईने अ‍ॅम्पचा मागचा पत्रा काढता काढता विचारलं.

“गेलीय कुठेतरी तोंड काळं करून. येईल नाक घासत. संध्याकाळी कार्यक्रम आहे, तू आधी हे बघ.”

ताईने अ‍ॅम्प सुरू केला आणि मुद्दाम मोठ्याने ठेवला. बाळने तारा छेडल्या. पार्टिशन थरथरू लागलं. मागून एक ठसका आला, पण तो आवाजात बुडाला. दोन मिनिटांत सूर खरंच पडला, जणू कोणी स्पीकरवर उशी दाबली. ताईने एक वीतभर केबल घेतली आणि मागच्या दोन सॉकेटमध्ये टाकली, बाहेर जाणाऱ्यातून परत आत येणाऱ्यात. सूर लख्ख परतला.

“पेडलसाठी मागे ही वाट काढलेली असते ना, तिचंच आतलं सॉकेट. पेडल लावलेलं नसलं की आवाज याच्या पत्रीवरून पुढे जातो. पत्री मळली आहे.”

तांदळाच्या दाण्याएवढी पत्री. एवढ्याशा मळापायी काल त्या पोरीची बरगडी गेली, असं ताईच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली. मागच्या वेळी निमित्त चहा गार झाल्याचं होतं. त्याच्या मागच्या वेळी काहीच नव्हतं. पत्री पुसून दिली म्हणून तो सुधारणार नव्हता.

तिने पत्री घासली, थोडी वाकवली, एका तारेचा सुटलेला टाका सोल्डरिंग आयर्न तापवून पुन्हा मारला. बाळने पिशवीतून इकोचं पेडल काढलं. पायाने दाबून सूर घुमवायचा लोखंडी डबा, विटेसारखा जड.

“याचं पण बघ. नुसता गोंगाट होतो.”

“तू हे गिटार आणि अ‍ॅम्पच्या मधे लावतोस. आधी इको होतो, मग त्याच्यावर गेन चढतो, म्हणजे इकोचाही चुरा. मागच्या वाटेनं लाव. सूर आधी अ‍ॅम्पमध्ये तयार होईल, मग पेडलमधून फिरून येईल. आणि गेन म्हणजे आवाज नाही रे. गेननं सुराचा पोत ठरतो, आवाज मास्टरनं. तू दोन्ही कान पिळल्यासारखे पिळतोस.”

“शिकवू नकोस मला.”

पण त्याने तसं लावून वाजवलं. ताईने गेन निम्म्यावर आणला, पेडल चालू-बंद करून दोन्ही वेळचा आवाज सारखा जुळवला, मास्टर मात्र चढाच ठेवला. सूर निघाला, त्याच्यामागून तोच सूर पुन्हा, मग पुन्हा, स्वच्छ. बाळचा चेहरा आठ वर्षांच्या पोरासारखा उजळला. “ताई! अगं काय केलंस तू!” तो हसला, आणि ताईही क्षणभर हसली. पुढे कितीतरी दिवस तिला त्या हसण्याचाच सगळ्यात जास्त त्रास झाला.

“आता मास्टर कमी कर,” तो म्हणाला. “शेपूट ऐकू दे इकोचं.”

“मोठ्यावरच बघ. कार्यक्रमात मोठाच लागणार ना.”

“हॉल छोटा आहे. कमी कर म्हणतो ना!” ती हलली नाही, तेव्हा त्यानेच हात पुढे करून नॉब फिरवला. एकच तार छेडली. सूर मागे मागे जात राहिला. तीन, चार, पाच. सहाव्याला नुसती चाहूल उरली.

आणि त्या शांततेत पार्टिशनमागे कोणीतरी तोंड दाबून खोकलं.

बाळने गिटार हळूच भिंतीला टेकवली. ताईला त्या हळूपणाचा अर्थ माहीत होता. ती धावून पार्टिशनच्या दाराशी उभी राहिली.

“बाजूला हो.”

“नाही.”

“तू? तू मला नाही म्हणतेस?”

पहिली थप्पड तिला दिसलीसुद्धा नाही. दुसऱ्या वेळी त्याच्या हातात पेडल होतं. ते तिच्या डाव्या कानावर बसलं. डोक्यात पांढरा उजेड फुटला आणि ती दाराच्या चौकटीला घासत खाली आली. तिने त्याचा पाय धरला. त्याने दुसऱ्या पायाने तिच्या खांद्यावर लाथ घातली, पुन्हा घातली, प्लायवूडचं दार उखडलं आणि बायकोला केसांना धरून बाहेर ओढलं. खोकी कोसळली. भावजयीला ओरडताही येत नव्हतं, ओरडायला श्वास लागतो. त्याने तिचं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं.

ताई टेबल धरून उठली. हाताला सोल्डरिंग आयर्न लागलं, ते अजून चालूच होतं. ती विचार करत बसली नाही. तिने त्याचं तापलेलं टोक बाळच्या मनगटावर टेकवलं आणि दाबून धरलं. मांस जळल्याचा वास आला. बाळ गुरासारखा ओरडला, त्याची मूठ सुटली.

“पळ!” ताई ओरडली. स्वतःचा आवाज तिला विहिरीतून आल्यासारखा वाटला.

भावजय रांगत रस्त्यावर गेली. बाळ तिच्यामागे गेला नाही, बहिणीकडे वळला. त्याने तिला खाली पाडलं आणि लाथांनी तुडवू लागला. पोट, पाठ, तोंड. “तूसुद्धा? तूसुद्धा?” एवढंच तो म्हणत होता. ताईला एकाच बाजूने ऐकू येत होतं.

समोरचा लेथवाला आणि त्याचे दोन कामगार आत घुसले. इतकी वर्षं या घरातलं ऐकून न ऐकल्यासारखं करणारा माणूस, पण आज रक्ताने माखलेली बाई त्याच्या मशीनला येऊन धडकली होती. तिघांनी मिळून बाळला खाली दाबलं, तेव्हा तो ढसाढसा रडत होता.

हॉस्पिटलमध्ये आई पोलीसबाईच्या आधी पोचली.

“डोळ्यांत तेल घालून वाढवला गं त्याला,” ती ताईच्या खाटेशी बसून म्हणाली. “आत टाकतील. तिथे कोण बघेल त्याला? पडले म्हण. खोकी अंगावर पडली म्हण. दुकानात काय, होतंच असं.”

“आई, मला या कानानं ऐकू येत नाहीये.”

“येईल गं. सूज आहे.”

पोलीसबाई वही उघडून उभी राहिली. आईने ताईचा हात घट्ट धरला. “घरातलंच आहे हो, बाई...”

“माझ्या भावानं मारलं,” ताई म्हणाली. सुजलेल्या ओठांतून शब्द नीट उमटेनात, म्हणून ती थांबून पुन्हा म्हणाली, “माझ्या भावानं मला मारलं, बायकोला मारलं. लहानपणी माझं बोट त्यानंच मोडलं. आणि मी त्याला आज चटका दिला. तेही लिहा.”

आईने हात सोडला. ती उठली, पदर सारखा केला आणि पाठ न फिरवता उलट्या पावलांनी दारापर्यंत गेली.

बाळला शिक्षा झाली. भावजयीच्या दोन बरगड्या जुळल्या. ती ताईकडेच राहिली आणि दुकानात टाके मारायला शिकली. ताईचा डावा कान गेला तो गेलाच. कोणी बोलू लागलं की मान डावीकडे वळवून उजवा कान पुढे करायची सवय तिला लागली. गिऱ्हाइकांनाही ती कळली होती.

आई पुढे वर्षभर फिरकली नाही.

मग एका सकाळी भाजीच्या दुकानासमोर भावजयीने ताईच्या कोपराला हात लावला. “ताई, आई हाका मारतायत,” म्हणून ती सासूला टाळत दुकानात शिरली.

आई समोरच उभी होती. बरीच वाळली होती, हातात तुरुंगात द्यायच्या कपड्यांची पिशवी होती. “ताई,” ती जवळ येऊन फार हळू आवाजात म्हणाली, “मला एक सांगायचं होतं तुला...”

ते ऐकायला ताईने घाईघाईने उजवा कान पुढे केला. तिचा चेहरा आईपासून पलीकडे वळला.

आई बोलायची थांबली. लेकीने तोंड फिरवलं असं तिला वाटलं. मग पिशवी या हातातून त्या हातात घेऊन ती चालू लागली. ताई मान वळवून, श्वास रोखून, अजून ऐकतच होती.